वायफाय यंत्राची स्मृती : सेटिंगच्या बॅकअपचा इतिहास

तारेने आलेले जाळे रेडिओलहरींवर चढवून आसपासच्या संगणकांना व मोबाइलना जोडून घेणारे जे यंत्र ॲक्सेस पॉइंट म्हणून ओळखले जाते, ते कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा त्याच्यासारख्या हजारो नगांपैकी एक असते. ते एखाद्या विशिष्ट घराचे, महाविद्यालयाचे किंवा रुग्णालयाचे होते ते त्यात भरलेल्या सेटिंगमुळे. जाळ्याचे नाव, पासवर्ड, रेडिओची वाहिनी, प्रक्षेपणाची शक्ती, इंटरनेट पुरवठादाराने दिलेले खाते, कोणत्या उपकरणाला कोणता पत्ता द्यायचा याचे नियम, हे सारे मिळून काही किलोबाइट भरत असले तरी ते पुसले गेले की यंत्र धडधाकट असूनही जाळे बंद पडते. या सेटिंगची प्रत कोठे ठेवायची आणि यंत्र बिघडले वा बदलले असता ती परत कशी भरायची, या प्रश्नाची गेल्या साडेतीन दशकांतील उत्तरे तपासली, तर प्रत काढण्याची सोय (बॅकअप) लवकर आली आणि ती परत भरण्याची सोय (रिस्टोअर) नेहमीच मागे रेंगाळली असे दिसते. त्याच काळात त्या प्रतीचा ताबाही वापरणाऱ्याच्या हातून हळूहळू उत्पादकाच्या हाती गेला.

अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने मे १९८५ मध्ये औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय कामांसाठी राखून ठेवलेले काही रेडिओपट्टे परवान्याविना संदेशवहनासाठी खुले केले, आणि त्यानंतर ज्या कंपन्या बिनतारी जाळ्याकडे वळल्या त्यांत दुकानातील बिले करणारी यंत्रे बनवणारी एनसीआर ही प्रमुख होती. मोठ्या दुकानांतील मांडणी वारंवार बदलते आणि दर वेळी तारा उखडून पुन्हा टाकाव्या लागतात, ही तिच्या ग्राहकांची नेहमीची अडचण होती. कंपनीच्या नेदरलँड्समधील यूट्रेख्त येथील अभियंत्यांनी १९९० च्या सुमारास जे वेव्हलॅन नावाचे कार्ड बाजारात आणले, त्यात सेटिंगची स्मृती कार्डावरच होती. वीज गेल्यावरही मजकूर टिकवणाऱ्या एका छोट्या चिपमध्ये तिच्यासाठी जागा राखलेली असे आणि कार्डाचा पत्ता, जाळ्याचा ओळखक्रमांक व सांकेतिक किल्ली तीत लिहिलेली असे. त्याआधीच्या जाळ्याच्या कार्डांवर बारीक खटके किंवा पितळी खुंट्यांवर बसवायच्या टोप्या असत आणि त्यांची मांडणी हीच त्या कार्डाची सेटिंग असे. तिचा बॅकअप म्हणजे तंत्रज्ञाच्या वहीतील आकृती. चिपमधील स्मृतीने ही आकृती निरुपयोगी केली, पण तिच्या जागी काही दिले नाही. खटके डोळ्यांना दिसत, चिपमधला मजकूर दिसत नसे, आणि कार्ड जळाले की तो त्याच्याबरोबरच जाई.

यंत्राच्या पोटातील मजकूर बाहेर काढण्याची जी रीत पुढे रूढ झाली, ती बिनतारी जाळ्याच्या जगातून आलेली नाही. टीएफटीपी हा फाइल पाठवण्याचा अगदी लहान व साधा संकेत १९८० च्या आसपास आकाराला आला आणि जून १९८१ मध्ये कॅरन सॉलिन्स यांनी तो इंटरनेटच्या आरएफसी या दस्तऐवज मालिकेत क्रमांक ७८३ म्हणून नोंदवला. त्यातील चुका दुरुस्त करणारी, आजही प्रमाण मानली जाणारी आवृत्ती जुलै १९९२ ची आहे. हा संकेत फाइल ५१२ बाइटच्या तुकड्यांत पाठवतो, प्रत्येक तुकड्याची पोच आल्याशिवाय पुढचा तुकडा सोडत नाही, आणि समोरचा कोण आहे हे विचारत नाही, कारण त्यात नाव-पासवर्डाची तरतूदच नाही. हा दोष उघड आहे. परंतु यंत्राच्या अत्यल्प स्मृतीत बसेल इतका हा संकेत छोटा असल्यामुळे राउटर बनवणाऱ्यांनी तो आनंदाने स्वीकारला. सेटिंगची फाइल, तिच्यातील पासवर्डांसकट, कोणत्याही कुलपाविना जाळ्यावरून एका संगणकावर पाठवून ठेवणे हा वर्षानुवर्षे व्यावसायिक जाळ्यांचा अधिकृत बॅकअप होता. पुढे घरगुती यंत्रांचे फर्मवेअर, म्हणजे यंत्रात कायम वस्तीला असलेली आज्ञावली, बिघडल्यावर ते पुन्हा चढवण्यासाठीही हाच संकेत उपयोगी पडला.

सिस्को या कंपनीच्या राउटरांनी या पद्धतीत एक महत्त्वाचा भेद रुजवला. यंत्र या क्षणी ज्या सेटिंगवर चालते आहे ती एक, आणि वीज जाऊन आल्यावर ज्या सेटिंगने ते पुन्हा उभे राहील ती दुसरी, अशा दोन स्वतंत्र प्रती त्यांत असतात. पहिली तात्पुरत्या स्मृतीत राहते, दुसरी टिकाऊ स्मृतीत, आणि बदल केल्यावर तो जतन करण्याची वेगळी आज्ञा दिली नाही तर तो पहिल्या प्रतीपुरताच राहतो. वीज जाणे ही रोजची गोष्ट असलेल्या ठिकाणी हा भेद पुस्तकी राहत नाही: दुपारी केलेली दुरुस्ती संध्याकाळी वीज आल्यावर नाहीशी झालेली असते. सिस्कोची सेटिंग साध्या वाचनीय मजकुरात, एका ओळीत एक आज्ञा या पद्धतीने लिहिलेली असे, याचे महत्त्व मात्र पुष्कळ उशिरा लक्षात आले. मजकूर वाचता येतो म्हणून कालची प्रत आजच्या प्रतीशी ताडून पाहता येते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आलेल्या रॅन्सिड या मुक्त आज्ञावलीने नेमके तेच केले. ती ठरावीक वेळी प्रत्येक यंत्रात शिरून सेटिंग उतरवून घेई, प्रोग्रामर ज्या साधनांनी आपल्या लिखाणाच्या आवृत्त्या सांभाळतात त्याच साधनांत ती ठेवी आणि फरक आढळला तर तो ईमेलने कळवी. कोणी काय बदलले याचा इतिहासही त्यामुळे बॅकअपबरोबर आपोआप तयार होऊ लागला. सिस्कोने १९९९ च्या अखेरीस ओहायोतील एरोनेट ही बिनतारी उपकरणांची कंपनी विकत घेतली आणि २००२ पासून तिच्या नव्या ॲक्सेस पॉइंटवर राउटरांचीच आज्ञावली बसवायला सुरुवात केली, तेव्हा ही सारी परंपरा बिनतारी यंत्रांकडे आली.

याच वर्षी, जून २००२ मध्ये, अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील रेस्टन येथे इंटरनेटची मोठी जाळी चालवणारे लोक आणि त्यासाठी मानके लिहिणारे लोक एकत्र बसले. मे २००३ मध्ये आरएफसी ३५३५ म्हणून प्रसिद्ध झालेला या बैठकीचा वृत्तांत या विषयाच्या इतिहासातला सर्वांत बोलका कागद आहे, कारण मानके लिहिणाऱ्यांनी पंधरा वर्षे जे बनवले होते ते सेटिंग भरण्यासाठी आपण फारसे वापरतच नाही, हे जाळी चालवणाऱ्यांनी तेथे स्पष्ट सांगितले. यंत्राची संपूर्ण सेटिंग बाहेर काढणे व परत आत टाकणे ही मूलभूत क्रिया असली पाहिजे, ती करण्याची प्रमाणित रीत असावी, माणसाने भरलेली सेटिंग आणि यंत्राने स्वतः गोळा केलेली माहिती यांची सरमिसळ होऊ नये, आणि फाइल मजकुराच्या रूपात असावी म्हणजे दोन प्रतींतील फरक नेहमीच्या साधनांनी पाहता येईल, अशा त्यांच्या मागण्या होत्या. डिसेंबर २००६ मध्ये प्रमाणित झालेला नेटकॉन्फ हा संकेत आणि ऑक्टोबर २०१० मधील यँग ही सेटिंगची रचना वर्णन करणारी भाषा ही या मागण्यांची फळे होत. पण ती मिळाली ती दूरसंचार कंपन्यांना व मोठ्या संस्थांना. घरातील यंत्राकडे हा विचार फिरकलाच नाही.

आठशे दोन पॉइंट अकरा हे बिनतारी जाळ्याचे मानक जून १९९७ मध्ये संमत झाले आणि जुलै १९९९ मध्ये ॲपलने एअरपोर्ट हा तबकडीच्या आकाराचा ॲक्सेस पॉइंट आणला, तेव्हापासून बिनतारी जाळे घरात शिरले असे मानायला हरकत नाही. एअरपोर्टची सेटिंग संगणकावरील एका खास आज्ञावलीतून भरावी लागे. इतर उत्पादकांनी मात्र यंत्रातच एक छोटे वेबपान ठेवण्याचा मार्ग पत्करला, आणि त्या पानावर कोपऱ्यात कोठेतरी सेटिंग जतन करण्याचे एक बटण व परत भरण्याचे दुसरे बटण दिसू लागले. या दोन बटणांमागे प्रत्यक्षात काय घडते, हे लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी ५४ जी या यंत्रावरून सर्वांत स्वच्छ समजते. डिसेंबर २००२ मध्ये आलेल्या या निळ्या-काळ्या यंत्रात लिनक्स असल्याचे उघड झाले आणि मुक्त परवान्याच्या अटीमुळे कंपनीला २००३ मध्ये आज्ञावलीचा मूळ मजकूर प्रसिद्ध करावा लागला. त्यामुळे एरवी बंद पेटीत राहणारी यंत्राची स्मृती हजारो हौशी अभ्यासकांसमोर उघडी झाली.

त्यांना दिसले ते असे. यंत्राच्या कायम स्मृतीच्या शेवटच्या टोकाला ६४ किलोबाइटचा एक पट्टा राखलेला होता आणि त्यात नाव व मूल्य अशा शेकडो जोड्या एकापाठोपाठ ओळीने लिहिलेल्या होत्या. जाळ्याचे नाव आणि पासवर्ड त्यांत होतेच; पण यंत्राचा कारखान्यात ठरलेला पत्ता, फलकाचा प्रकार, एवढेच नव्हे तर स्मृतीची चिप कोणत्या पद्धतीने जागी करायची हे सांगणारे आकडेही त्याच पट्ट्यात होते. घराची माहिती आणि धातूची माहिती अशी एकाच पोत्यात भरलेली असल्यामुळे हा पट्टा जसाच्या तसा उचलून काढलेला बॅकअप त्याच यंत्रात परत टाकला तर सुरळीत बसे, पण शेजारच्या थोड्या वेगळ्या बनावटीच्या यंत्रात टाकला तर ते यंत्र सुरूच होत नसे. दोन्ही यंत्रांवरील नाव व आकार सारखाच, फरक फक्त तळाच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या आवृत्तीच्या क्रमांकात, हे पाहता किती जणांनी हा अनुभव घेतला असेल याची कल्पना करता येते. फर्मवेअर बदलल्यावरही असाच घोटाळा होई: जुन्या आज्ञावलीत ज्या नावाचा एक अर्थ होता त्याचा नव्या आज्ञावलीत दुसरा अर्थ असे किंवा काहीच नसे, आणि जुनी फाइल परत भरताच यंत्र न समजण्यासारखे वागू लागे. डीडी-डब्ल्यूआरटी या पर्यायी आज्ञावलीच्या वापरकर्त्यांना म्हणूनच वारंवार बजावले जाई, की बॅकअप त्याच यंत्रासाठी व त्याच आवृत्तीसाठी वापरावा, आवृत्ती बदलली तर सेटिंग कागदावरून पुन्हा हाताने भरावी. म्हणजे ज्या प्रसंगी बॅकअपची खरी गरज पडते, यंत्र मेले किंवा फर्मवेअर बदलले, नेमक्या त्याच प्रसंगी तो कुचकामी ठरे.

जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाने या गाठीतून वाट काढली. काही वर्षांतच त्याने सेटिंग त्या पट्ट्यातून बाहेर काढून साध्या मजकुराच्या फाइलींत नेली, बिनतारी जाळ्याची एक, पत्त्यांच्या वाटपाची दुसरी, अशी. आणि बॅकअप म्हणजे या फाइलींची एक गाठोडी एवढाच अर्थ ठेवला. धातूची माहिती पट्ट्यात राहिली, घराची माहिती फाइलींत आली. यंत्र बदलले तर रेडिओचे भाग अजूनही हाताने जुळवावे लागतात, पण फाइल उघडून वाचता येते, हवा तो भाग घेता येतो आणि नको तो सोडता येतो. रेस्टनच्या बैठकीतील मागण्यांच्या सर्वांत जवळ घरगुती यंत्रांपैकी कोणी पोहोचले असेल तर ते हे हौशींनी चालवलेले काम होय, आणि मोठ्या कंपन्यांना ते साधले नाही की त्यांना ते करायचेच नव्हते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

यंत्राच्या मागे सुईने दाबायचे जे रिसेटचे बारीक बटण असते, तेही या इतिहासाचा भाग आहे, कारण ते दाबताच यंत्र कारखान्यातील मूळ अवस्थेत जाते आणि त्या मूळ अवस्थेत पहिल्या दशकातील बहुतेक यंत्रांचे जाळे विनापासवर्डचे, सताड उघडे असे. भारतात जानेवारी २००५ च्या नियमांनी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याच्या अटीतून मुक्त झाल्यावर वायफाय झपाट्याने पसरले, आणि या उघडेपणाचा अर्थ जुलै २००८ मध्ये महाराष्ट्राला कळला. अहमदाबादमधील स्फोटमालिकेच्या वेळी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या असुरक्षित वायफायवरून पाठवला गेल्याचे तपासात निष्पन्न झाले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत मुंबईतील आणखी जाळ्यांचा असाच वापर झाला. पुढच्या वर्षाच्या आरंभी मुंबई पोलिसांनी उघडी जाळी शोधण्याची मोहीम हाती घेतली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरवठादारांसाठी वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. पासवर्ड घालण्याची सवय त्यामुळे लागली खरी. पण यंत्र अडले की ते बटण दाबण्याची सवयही तितकीच जुनी होती, आणि बटण दाबल्यावर जाळ्याबरोबर त्याचे कुलूपही पुसले जाई. सेटिंगचा बॅकअप हा केवळ सोयीचा विषय नसून सुरक्षिततेचाही आहे, हे अशा ठिकाणी ध्यानात येते.

सुरक्षिततेची दुसरी बाजू मात्र याच्या नेमकी उलट आहे. बॅकअपची फाइल म्हणजे जाळ्याच्या सर्व किल्ल्यांचा जुडगा, आणि अनेक उत्पादकांनी ती एकतर उघड्या मजकुरात ठेवली किंवा सर्व यंत्रांना समान असलेल्या एकाच सांकेतिक किल्लीने बंद केली. ती किल्ली एकदा माहीत झाली की सगळ्यांच्या फाइली उघडतात, आणि अशा फाइली उलगडून दाखवणारी फुकट साधने लवकरच उपलब्ध झाली. याउलट फाइल त्या एकाच नगाच्या किल्लीने बंद केली तर ती चोराला उघडत नाही, पण तो नग मेल्यावर मालकालाही उघडत नाही. मालकाने स्वतः निवडलेल्या पासवर्डाने फाइल बंद करणे हा यावरचा सरळ उपाय पुष्कळ उशिरा आला आणि अजूनही सार्वत्रिक झालेला नाही. टाकून दिलेल्या यंत्रांचा प्रश्न तर फाइलीपर्यंतही जात नाही: ईसेट या सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये जुन्या बाजारातून घेतलेले सोळा व्यावसायिक राउटर तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक यंत्रांत आधीच्या मालक संस्थांची सेटिंग जशीच्या तशी होती.

मोठ्या संस्थांत या सर्व प्रश्नांना वेगळेच उत्तर मिळाले. शेकडो ॲक्सेस पॉइंट असलेल्या इमारतीत प्रत्येकाची फाइल वेगळी जपणे अव्यवहार्य होते, म्हणून २००२ नंतर सिम्बॉल, अरुबा, एअरस्पेस अशा कंपन्यांनी छतावरच्या यंत्राची स्मृती जवळजवळ काढून घेतली आणि ती नियंत्रक म्हणजे कंट्रोलर नावाच्या एका मध्यवर्ती यंत्रात ठेवली. ॲक्सेस पॉइंट सुरू झाला की जाळ्यावर नियंत्रक शोधतो आणि आपली सेटिंग त्याच्याकडून मागून घेतो. मार्च २००९ मध्ये या संवादाचे कॅपवॅप हे मानकही ठरले. रिस्टोअरचा प्रश्न येथे खऱ्या अर्थाने सुटला, कारण मेलेले यंत्र काढून त्या जागी नवे टांगणे एवढेच काम उरले. मानक असूनही एका कंपनीचा ॲक्सेस पॉइंट दुसऱ्या कंपनीच्या नियंत्रकाशी बहुधा जुळत नाही, ही त्याची किंमत. इंटरनेट पुरवठादारांसाठी २००४ मध्ये डीएसएल फोरमने काढलेल्या टीआर-०६९ या संकेतानेही साधारण हेच केले: ग्राहकाच्या घरातील यंत्राला दुरून सेटिंग देणे आणि त्याच्याकडून सेटिंगची फाइल मागवून घेणे त्यामुळे शक्य झाले. ग्राहकाला याची क्वचितच जाणीव असते.

नियंत्रक इमारतीतून उचलून इंटरनेटपलीकडच्या संगणकांवर, म्हणजे क्लाउडमध्ये नेणे ही पुढची पायरी होती आणि एमआयटीतील रूफनेट या संशोधनातून २००६ मध्ये निघालेल्या मेराकी या कंपनीने ती लोकप्रिय केली. सिस्कोने २०१२ मध्ये ती १२० कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले. मुंबई सेंट्रलपासून जानेवारी २०१६ मध्ये सुरू झालेली रेलटेल व गूगल यांची स्थानकांवरील वायफाय योजना जून २०१८ पर्यंत ४०० स्थानकांवर पोहोचली, आणि एवढ्या पसाऱ्यात एकेका यंत्राची फाइल हाताने सांभाळण्याची कल्पनाही कोणी करणार नाही. घरगुती यंत्रांच्या बाबतीत मात्र क्लाउडचा हिशेब तितका सरळ नाही. गूगलचे ऑनहब हे २०१५ मधील यंत्र जवळजवळ पूर्णपणे मोबाइलवरील ॲपमधून चालवले जाई. कंपनीने त्याचा आधार काढून घेतल्यावर, आठ वर्षे पुरी होण्याआधीच, यंत्र चालू असूनही त्याची सेटिंग ॲपमधून बदलता येईनाशी झाली. प्रत सुरक्षित होती की नाही हा प्रश्नच तेथे गैरलागू ठरला, कारण प्रत मालकाकडे कधी नव्हतीच.

सामान्य घरांत आज जी युक्ती खरोखर चालते ती या सगळ्याहून साधी आहे. नवे यंत्र आणल्यावर त्याला जुन्याच जाळ्याचे नाव व जुनाच पासवर्ड दिला की घरातले मोबाइल, टीव्ही आणि कॅमेरे काही न विचारता जोडले जातात, कारण सेटिंगचा निम्मा भाग त्या उपकरणांच्या स्मृतीतही असतो. उरलेला भाग, म्हणजे पुरवठादाराचे खाते, ठरवून दिलेले पत्ते आणि उघडलेली द्वारे, पुन्हा भरावा लागतो, आणि त्यासाठी तंत्रज्ञाच्या जुन्या वहीसारखा लिहून ठेवलेला कागद किंवा सेटिंगच्या पानांची छायाचित्रे हाच सर्वांत भरवशाचा बॅकअप आहे. रेस्टनमध्ये प्रमाणित बॅकअपची मागणी झाली त्याला दोन दशके उलटून गेली, तरी घरगुती ॲक्सेस पॉइंटसाठी सर्व उत्पादकांना मान्य असे फाइलीचे एकही सामाईक स्वरूप अस्तित्वात नाही आणि एका कंपनीच्या यंत्रातून काढलेला बॅकअप दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात आजही भरता येत नाही.